वैमानिकाचे कर्ज आणि कंपनीची मुदत

केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेतील पहिल्या विमानसेवा २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झाल्या, त्यांत नांदेड–हैदराबाद हा मार्ग होता. ती सेवा चालविणाऱ्या ट्रूजेट कंपनीची उड्डाणे फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबली. धर्माबादच्या प्रवाशाचे त्यामुळे फारसे अडले नाही. सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग त्याच्या गावातूनच जातो. खरा प्रश्न होता तो त्या विमानांच्या वैमानिकांचा, आणि त्याची चर्चा मराठवाड्यात फारशी झाली नाही.

ती व्हावयास हवी होती. नांदेड-लातूरच्या शिकवणी वर्गांतील मुलेमुली वैद्यकीय आणि अभियांत्रिकी यांपलीकडे पाहू लागली, तर त्यात वावगे काहीच नाही. परंतु व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्याचा खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. धर्माबादच्या मिरचीच्या अडत्यालाही ही रक्कम जड. शिक्षकाला तर घरच गहाण टाकावे लागेल. एवढे करून हाती पडतो तो परवाना, नोकरी नव्हे! विशिष्ट जातीचे विमान चालविण्यासाठी 'टाइप रेटिंग' वेगळे घ्यावे लागते, आणि छोट्या मार्गांवरील एटीआर विमानाचे रेटिंग एअरबसला चालत नाही. कंपनी बुडाली की बहुधा नव्या खर्चास तोंड द्यावे लागते.

वेतनाचे जे डोळे दिपविणारे आकडे ऐकू येतात, ते प्रामुख्याने मोठ्या कंपन्यांतील कमांडरांचे असतात. सहवैमानिकाची मिळकत पुष्कळ कमी, आणि तिचाही काही भाग उड्डाणाच्या तासांशी बांधलेला. विमान जमिनीवर उभे राहिले की भत्ता आटतो. कर्जाचा हप्ता आटत नाही. म्हणून प्रादेशिक कंपनीतील तरुण तास गोळा करतो आणि वरच्या परवान्याचे १५०० तास भरताच मोठ्या कंपनीची वाट धरतो. यास कृतघ्नता म्हणणे हा शुद्ध कांगावा आहे.

कंपन्यांची अडचण खोटी नाही. कमांडर एका दिवसात घडत नाही. तो अचानक गेला तर उड्डाणे रद्द होतात. २०२३ मध्ये आकासा कंपनी याच कारणास्तव आपल्या वैमानिकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१७ मध्ये कमांडरास एक वर्षाची आणि सहवैमानिकास सहा महिन्यांची पूर्वसूचना बंधनकारक केली, त्यामागेही हाच विचार होता. पण बंद पडणाऱ्या कंपनीने कोणती पूर्वसूचना द्यावयाची? २०१२ मध्ये किंगफिशर आणि २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडल्या, तेव्हा वैमानिकांचे कित्येक महिन्यांचे वेतन थकलेले होते.

'उडान'च्या मार्गांवर ही विषमता अधिक बोचते, कारण तेथे कंपनीची तूट सार्वजनिक निधीतून भरली जाते. राज्य सरकारचाही त्यात वाटा असतो. हे साहाय्य सामान्यतः तीन वर्षांचे. ते संपल्यावर मार्ग टिकेल की नाही, याची हमी नसते. मग साहाय्य देतानाच वैमानिकांसह सर्व कर्मचाऱ्यांच्या सहा महिन्यांच्या वेतनाइतकी बँक हमी कंपनीकडून का घेऊ नये? पगार दोन महिने थकला, तर पूर्वसूचनेचे बंधन आपोआप सुटावे, हेही नियमात निःसंदिग्ध शब्दांत असले पाहिजे. राज्य सरकार या निधीत भर घालते, तेव्हा ही अट मांडण्याचा अधिकार त्याला आहे. तो त्याने मार्गांचे पुढील वाटप होण्यापूर्वी वापरावा.