चाचणी आणि खुराक

फुटबॉल कोल्हापूरच्या पेठापेठांत भिनला आहे. पाटाकडील तालमीचा सामना असला की शाहू स्टेडियमवर गर्दी उसळते. याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. साहजिकच व्यावसायिक क्लबच्या चाचणीची स्वप्ने अनेकांना पडतात.

परंतु चाचणीत पेठेचा जयघोष नसतो, सोबतीही अनोळखी असतात. तेथे चौघांना चकवण्यापेक्षा पहिल्या स्पर्शात चेंडू ताब्यात घेणे, दोन्ही पायांनी अचूक पास देणे आणि चेंडू गमावताच मागे धावणे याला मोल असते. त्यासाठी महिनोन्‌महिने सराव, झोप आणि सकस आहार हवा.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. “चेंडूनं चूल पेटते का?” हा वडिलांचा प्रश्न मला रास्त वाटतो. निवड थोड्यांचीच होते. म्हणून चाचणीपायी शिक्षण सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र कॉलेजनेही चाचणीच्या दिवसांची हजेरी द्यावी, गरीब खेळाडूच्या दूध-अंड्यांची सोय करावी. या नगरीत पैलवानांच्या खुराकाची चिंता राजर्षी शाहूंनी वाहिली. मग फुटबॉलपटूनेच अर्धपोटी का धावावे?