हे ऐक, मग बोलू

1964 साली मिसिसिपीच्या सन हाउस या म्हाताऱ्या गायकाला त्याचीच गाणी नव्याने शिकवावी लागली. शिकवणारा होता ॲलन विल्सन, बॉस्टनजवळ वाढलेला विशीतला गोरा, चष्मिष्ट पोरगा. हाउसने 1930 साली पॅरामाउंट कंपनीसाठी विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टनला गाणी मुद्रित केली होती. कंपनी मुळात खुर्च्या बनवणाऱ्यांची. ग्रामोफोनच्या पेट्या बनवता बनवता ते तबकड्यांच्या धंद्यात उतरले होते. मंदीत त्या तबकड्या पडून राहिल्या. 1943 मध्ये हाउस न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला गेला, रेल्वेत नोकरीला लागला, आणि पुढे गिटार सुटली ती सुटलीच. विल्सनने मात्र त्या जुन्या मुद्रणांवरून त्याची एकेक जागा उचलली होती. दोघे समोरासमोर बसले आणि हाउसच्या बोटांना त्यांची जुनी वाट सापडली. पुढच्या वर्षी कोलंबियाने हाउसची नवी एलपी काढली. विल्सननेही त्याच वर्षी बॉब हाइट या आणखी एका तबकडीवेड्याला गाठून ‘कॅन्ड हीट’ हा बँड उभा केला.

ब्लूज रॉकचा इतिहास गिटारवादकांच्या नावांनी सांगायची रीत आहे. आमच्या मते तो आधी ऐकणाऱ्यांचा इतिहास आहे. ‘हे ऐकलंयस का?’ असं विचारणाऱ्यांचा, आणि ‘त्यापेक्षा हे ऐक’ म्हणून भांडणाऱ्यांचा.

इंग्लंडकडे बघा. ऑक्टोबर 1961 मध्ये डार्टफर्ड स्टेशनवर कीथ रिचर्ड्सला लहानपणीचा ओळखीचा मिक जॅगर दिसला. गप्पा सुरू झाल्या त्या जॅगरच्या काखेतल्या चक बेरी आणि मडी वॉटर्सच्या रेकॉर्डांमुळे. त्याने त्या शिकागोच्या चेस कंपनीकडून टपालाने मागवल्या होत्या, कारण लंडनच्या दुकानांत असला माल सहज मिळत नव्हता. त्याच वर्षी कोलंबियाने रॉबर्ट जॉन्सनची सोळा गाणी एका एलपीवर आणली. जॉन्सन 1938 साली सत्ताविसाव्या वर्षी वारला होता. 1936 आणि 1937 मध्ये टेक्सासात मुद्रित झालेली एकोणतीस गाणी एवढीच त्याची इस्टेट. पुढे ‘रोलिंग स्टोन्स’मध्ये या दोघांसोबत वाजवणाऱ्या ब्रायन जोन्सने ही एलपी रिचर्ड्सला ऐकवली, तेव्हा रिचर्ड्सने विचारलं म्हणे, की हा दुसरा गिटारवाला कोण? दुसरा कोणी नव्हताच.

ब्रिटिश ब्लूज गायक जॉन मेयॉलच्या घरी तर अशा रेकॉर्डांचा ढीगच होता. ‘यार्डबर्ड्स’ बाजारू वळणाला लागले म्हणून 1965 मध्ये बाहेर पडलेला एरिक क्लॅप्टन काही काळ त्याच घरात राहिला आणि तो ढीग ऐकत बसला. जुलै 1966 मध्ये दोघांचा ‘ब्लूज ब्रेकर्स’ हा अल्बम आला. मुखपृष्ठावर क्लॅप्टन ‘बीनो’ हे मुलांचं चित्रसाप्ताहिक वाचत बसलेला आहे (चाहत्यांच्या बोलण्यात त्या अल्बमचं नावच ‘बीनो अल्बम’ पडलं). गाण्यांची यादी वाचली तर ती जाणकार मित्राने कागदावर लिहून दिल्यासारखी वाटते: ओटिस रश, फ्रेडी किंग, रॉबर्ट जॉन्सन. अल्बम ब्रिटनच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेला आणि ती नावं हजारो घरांत पोचली. या एका रेकॉर्डने केलेलं काम त्या दशकातल्या कुठल्याही जाहिरातीला जमलं नसतं.

भांडणंही तेवढीच रंगायची. 1958 मध्ये इंग्लिश जॅझवादक ख्रिस बार्बरच्या पुढाकाराने मडी वॉटर्स इंग्लंडला आला आणि त्याने इलेक्ट्रिक गिटारचा आवाज चढवला. शेतमजुराच्या साध्या गिटारची आस लावून बसलेल्या काही शुद्धतावाद्यांनी कान झाकून घेतले. पाच वर्षांनी तो परत आला तो त्यांची समजूत काढायला साधी गिटार घेऊन, तर श्रोत्यांना आता तीच इलेक्ट्रिक हवी होती! मडी ही गोष्ट हसत सांगायचा. चाहत्यांना खूश करणं या जगात कोणाला जमलंय?

पण या छंदाला दुसरी बाजू आहे आणि ती थट्टेवारी नेण्यासारखी नाही. जून 1964 मध्ये संग्राहकांच्या दोन टोळ्या दक्षिणेत हरवलेल्या गायकांच्या शोधात फिरत होत्या. एका टोळीला स्किप जेम्स टुनिकाच्या इस्पितळात सापडला. त्या टोळीतला हेन्री व्हेस्टाइन पुढे ‘कॅन्ड हीट’मध्येच वाजवू लागला. दुसरी टोळी मिसिसिपीभर विचारपूस करत शेवटी रॉचेस्टरच्या हाउसपर्यंत पोचली. त्याच महिन्यात, त्याच राज्यात, काळ्या नागरिकांच्या मतदानहक्कासाठी झटणाऱ्या तीन तरुणांचे खून झाले. संग्राहक जिच्यासाठी वणवण करत होते ती कला आणि कार्यकर्ते ज्यासाठी मरत होते तो हक्क, दोन्ही एकाच समाजाचे. ब्लूजवरच्या गप्पांत यातली पहिली गोष्ट भरपूर येते, दुसरी क्वचित.

संग्राहकांची आवड दुर्मिळतेकडे झुकलेली होती, हेही मान्य करायला हवं. ब्लूजची बाजारपेठ उघडली ती बायकांनी. मेमी स्मिथच्या ऑगस्ट 1920 मधल्या ‘क्रेझी ब्लूज’मुळे कंपन्यांना कळलं, की काळा ग्राहक रेकॉर्ड विकत घेतो. मागोमाग मा रेनी आली, बेसी स्मिथ आली. एकट्या पुरुषाच्या खरखरीत तबकडीच्या मागे लागलेल्यांनी या बायकांना मागच्या बाकावर बसवलं. शिफारशींच्या यादीत आजही पहिली दहा नावं बहुतेक पुरुषांचीच असतात. मेम्फिस मिनीचं 1929 मधलं पुराचं गाणं ‘लेड झेपेलिन’च्या चौथ्या अल्बमवर वाजतं, श्रेयातही तिचं नाव आहे, तरी तिची स्वतःची रेकॉर्ड सुचवणारा माणूस विरळा.

श्रेयाचा हिशेब तर कोर्टापर्यंत गेला. ‘रोलिंग स्टोन्स’च्या 1968 मधल्या ‘बेगर्स बँक्वेट’वर रेव्हरंड रॉबर्ट विल्किन्सचं गाणं आधी जॅगर-रिचर्ड्सच्या नावावर छापलं गेलं आणि नंतर दुरुस्त झालं. ‘होल लॉटा लव्ह’बद्दल ब्लूज गीतकार विली डिक्सनने ‘लेड झेपेलिन’वर दावा लावला, तो 1987 मध्ये तडजोडीने मिटला. डिक्सनने स्थापन केलेल्या प्रतिष्ठानाकडे आज चेस कंपनीची शिकागोतली जुनी वास्तू आहे. उलट उदाहरणंही आहेत. ‘क्रीम’ने 1966 मध्ये स्किप जेम्सचं गाणं त्याच्या नावानिशी घेतलं, आणि आजारी म्हाताऱ्याला त्याची रॉयल्टी मिळाली. जॅनिस जॉप्लिनने 1970 मध्ये बेसी स्मिथच्या कबरीवर दगड बसवण्यासाठी पैसे दिले. बेसी जाऊन तेव्हा तेहतीस वर्षं झाली होती.

मुंबईच्या रसिकाला हे सगळं फार दूरचं वाटू नये. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत 2011 पासून महिंद्र ब्लूज महोत्सव भरू लागला आणि पहिल्याच वर्षी बडी गाय येऊन वाजवून गेला. या गृहस्थाने चेसच्या स्टुडिओत मडी वॉटर्सच्या शेजारी बसून वाजवलेलं.

आता एकच साखळी शेवटपर्यंत बघू. ब्लाइंड विली मॅकटेल हा जॉर्जियाचा आंधळा गायक. त्याने 1928 मध्ये ‘स्टेट्सबरो ब्लूज’ मुद्रित केलं आणि 1959 मध्ये तो जवळपास विस्मृतीत वारला. 1968 च्या सुमारास ताज महाल या अमेरिकी गायकाच्या, कॅलिफोर्नियात मुद्रित झालेल्या पहिल्या अल्बमवर हे गाणं आलं, त्यावर स्लाइड गिटार वाजवली ती ओक्लाहोमाच्या आदिवासी घरातल्या जेसी एड डेव्हिसने. सर्दीने बेजार झालेल्या ड्वेन ऑलमन या गिटारवादकाच्या वाढदिवसाला धाकट्या भावाने, ग्रेगने, ती रेकॉर्ड आणि सर्दीच्या गोळ्यांची काचेची बाटली आणून दिली. ड्वेनने गोळ्या बाहेर ओतल्या, बाटली बोटात अडकवली आणि स्लाइड वाजवायला शिकला. मार्च 1971 मध्ये न्यूयॉर्कला मुद्रित झालेल्या ‘ॲट फिलमोर ईस्ट’ या ऑलमन बंधूंच्या अल्बमची सुरुवात त्याच गाण्याने होते. तोवर त्यांचा बँड जॉर्जियातल्या मेकनला स्थायिक झाला होता. म्हणजे जॉर्जियाचं गाणं कॅलिफोर्नियाला वळसा घालून जॉर्जियातच परत आलं, आणि ते आणलं एका भावाने दिलेल्या भेटीने.

या अल्बमची शिफारस तुम्हाला कोणी ना कोणी करेलच, आणि ती योग्यच आहे. ऐका, आणि मग शिफारस करणाऱ्यालाच विचारा, की मॅकटेलची 1928 ची रेकॉर्ड त्याने ऐकली आहे का. नसेल, तर ती त्याला तुम्ही ऐकवा.