सिंगापुरांतील भोजन : एका मेजावर अनेक आचार

परदेशप्रवासास निघणाऱ्या आपल्या कुटुंबांच्या सामानांत एक पेटी केवळ फराळाची असते. दशम्या, मेतकूट, चिवडा, भाजणीचें पीठ आणि लोणच्याची बरणी एवढी शिदोरी बांधल्यावांचून गृहिणीच्या जिवाला स्वस्थता लाभत नाहीं. परक्या मुलुखांत अन्न मिळेल कीं नाहीं, त्यांत काय मिसळलेलें असेल, मुलांना तें सोसेल काय, या शंका कांहीं निराधार नसतात. परंतु त्या एका पेटीच्या भरंवशावर सबंध प्रवास उरकणारा मनुष्य त्या देशाच्या उंबरठ्यावरूनच परत फिरतो. मंदिरें, संग्रहालयें आणि उद्यानें हिंडून शहर दिसतें. तें कळतें मात्र तेथील लोकांच्या जेवणावरून. सिंगापुराइतकें याचें चांगलें उदाहरण क्वचितच सांपडेल. म्हणून शाकाहारी कुटुंबानें त्या शहरीं कोठें आणि काय खावें, याचा या वेळीं विचार करूं.

१८१९ सालीं इंग्रजांनीं या बेटावर व्यापारी ठाणें वसविलें आणि दक्षिण चीन, मलाया, जावा, तामिळ प्रांत अशा चहूंकडून माणसें पोटासाठीं येऊन येथें स्थिरावलीं. आज येथील रहिवाशांत सुमारें तीन-चतुर्थांश चिनी असून त्यांच्या खालोखाल मलायी व भारतीय आहेत. आलेल्या प्रत्येकानें आपला देव आणि आपली चूल बरोबर आणली. साउथ ब्रिज रोड नांवाच्या एकाच रस्त्यावर चुलिया मुसलमानांची जुनी मशीद, १८२७ सालीं स्थापन झालेलें श्रीमारिअम्मन देवीचें मंदिर आणि २००७ सालीं उघडलेलें बुद्धदंताचें भव्य मंदिर हीं थोड्याशा अंतरानें उभीं आहेत. जी गोष्ट देवांची, तीच चुलींची.

या चुली पूर्वीं रस्त्यावर पेटत. फेरीवाले कावडींतून व ढकलगाड्यांवरून अन्न विकीत. त्यामुळें घाण होई आणि रोगराईची भीति असे. १९७१ पासून १९८६ पर्यंत सरकारनें या फेरीवाल्यांना पाणी व मोऱ्यांची सोय असलेल्या, छप्पर घातलेल्या मंडयांत टप्प्याटप्प्यानें नेऊन बसविलें. अशा शंभराहून अधिक भोजनमंडया आज तेथें आहेत, आणि २०२० सालीं युनेस्कोनें या परंपरेची मानवजातीच्या अमूर्त वारशांत गणना केली. कडेनें लहान लहान गाळे आणि मध्यें सर्वांना सामाईक मेजें, अशी त्यांची रचना असते. रिकाम्या मेजावर कागदी रुमालांचें पुडकें दिसलें, तर तें कोणी विसरून गेलें असें समजूं नये. ती जागा राखून ठेवल्याची खूण होय.

पहिल्या दिवशीं ओळखीच्या चवीपासून आरंभ करावा. ‘लिटल इंडिया’ या भागांत सेरंगून रस्त्याच्या आसपास शुद्ध शाकाहारी उपाहारगृहें पुष्कळ आहेत. त्यांतील आनंद भवन हें १९२४ पासूनचें, तर कोमला विलास १९४७ सालचें. इडली, डोसा, सांबारभात हें सर्व तेथें निःशंक मनानें खातां येतें. मात्र सगळीं जेवणें तेथेंच घेतलीं, तर सिंगापूर पाहिलें असें म्हणतां येणार नाहीं.

दुसरी चूल चिनी बौद्धांची. आपल्या वाचकांना हिची ओळख बहुधा नवी असेल. या लोकांत मांसमच्छी वर्ज्य मानणारा मोठा वर्ग असून, कडक व्रत पाळणारे कांदा व लसूणही खात नाहींत. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशीं तर एरवीं मांसाहार करणारे पुष्कळ लोक शाकाहार करतात. चातुर्मासांत कांदा-लसूण सोडणाऱ्या आणि एकादशी पाळणाऱ्या घरांना यांत परकें असें काय आहे? ‘सू’ म्हणजे शाकाहार, ही चिनी खूण ध्यानांत ठेवावी. बहुतेक भोजनमंडयांत असा एखादा गाळा असतोच. बुद्धदंताच्या मंदिराच्या तळघरांतही शाकाहारी भोजन मिळतें. या गाळ्यांवर बदकासारखे किंवा माशासारखे दिसणारे तुकडे पाहून दचकूं नये; ते सोयाबीनचे किंवा गव्हांतील चिकट सत्त्वाचे केलेले असतात. अंडीं मात्र कांहीं ठिकाणीं वापरतात, म्हणून तेवढें विचारून घ्यावें. हक्का चिनी लोकांचा ‘लेई चा’ हा पदार्थ अवश्य चाखावा. भातावर चिरलेल्या हिरव्या भाज्या, शेंगदाणे व टोफू घालून, चहाची पानें व पुदिन्यासारखा सुगंधी पाला वाटून केलेलें हिरवें सार त्यावर ओततात. हा पदार्थ वाळविलेल्या मासळीवांचून द्यावा, असें आधींच सांगावें.

तिसरी चूल मलायी आणि पेरानाकान, म्हणजे चिनी व मलायी रीतींच्या मिलाफांतून उपजलेल्या घरांची. यांच्या तिखट पदार्थांत शाकाहाऱ्याला वाव थोडा. परंतु गोडाच्या पदार्थांत कोंकणचें माहेर भेटतें. तांदुळाच्या चिकट पिठाची गोळी, आंत माडाचा पातळ गूळ आणि वर ओल्या नारळाचा कीस, असा ‘ओंदे-ओंदे’ तोंडांत फुटला कीं उकडीच्या मोदकाची आठवण होते. तांदुळाच्या शेवयांवर खोबरें व साखर घालून देतात तो ‘पुटु मायम’ हा आपल्या शिरवाळ्यांचा सख्खा भाऊच. त्यांचा हिरवा रंग व सुवास ‘पांदान’ या केवड्याच्या कुळांतील पानाचा असतो. थराथरांच्या केकसारख्या प्रकारांत आणि पावाला लावण्याच्या ‘काया’ नामक नारळाच्या मुरंब्यांत मात्र अंडीं असतात.

आतां सावधगिरीच्या चार गोष्टी. भाजीचा पदार्थ मागितला म्हणजे निर्वेध शाकाहार मिळतो, हा समज सोडून द्यावा. तेथें पुष्कळांच्या मतें भाजी दिसली कीं तो भाजीचा पदार्थ. ‘बेलाचान’ ही आंबविलेल्या बारीक कोळंबीची वडी मलायी चटणींत सर्रास असते. चिनी भाजींत कालवांचा रस आणि परतलेल्या शेवयांत डुकराची चरबी असूं शकते. रोटी प्राटा हा आपल्या पराठ्याचा भाऊबंद, परंतु त्याबरोबर मिळणारी आमटी मासळीची किंवा मटणाचीही असते. म्हणून ‘मांस नको’ एवढ्यावर न थांबतां, मासे, कोळंबी, अंडें, चरबी असें एकेक नांव घेऊन विचारावें. इंग्रजी सर्वत्र चालते. मलायी भाषेंत ‘इकान’ म्हणजे मासा, ‘उदांग’ म्हणजे कोळंबी आणि ‘तेलूर’ म्हणजे अंडें. कॉफीला ‘कोपी’ म्हणतात. ती आटविलेल्या गोड दुधाची असते. बिनदुधाची हवी तर ‘कोपी ओ’ मागावी. नळाचें पाणी निर्धास्तपणें प्यावें.

असें विचारतांना संकोच वाटण्याचें कारण नाहीं, कारण त्या शहरांत प्रत्येकजण विचारीत असतो. मुसलमान गृहस्थ हलालची पाटी पाहतो, बौद्ध आजीबाई कांदा-लसणाची चौकशी करते, हिंदु मनुष्य गोमांस टाळतो. २०२१ पासून जेवणानंतर आपलें ताट आपणच मांडणीवर नेऊन ठेवणें सक्तीचें झालें आहे. आणि तेथेंही हलाल गाळ्यांच्या भांड्यांची मांडणी वेगळी व इतरांची वेगळी ठेवलेली असते. भांडीं अशीं निराळीं राहतात, पण मेज एकच असतें.

आपल्याकडे आचार आणि पंक्तिभेद इतका दीर्घ काळ जोडीनें नांदले कीं, एक पाळावयाचा तर दुसरा पाळलाच पाहिजे, अशी समजूत रूढ झाली. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहाच्या प्रकरणावरून न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांभोंवतींही ग्रामण्याचें वादळ उठलें. पेल्यांत काय होतें हा त्या वादांतील प्रश्न नव्हता. पेला कोणाकडचा होता, हा होता. तें ग्रामण्य इतिहासजमा झालें, तरी परक्याच्या शेजारीं पान मांडतांना मनाचा जो किंचित् संकोच होतो, तो कित्येक घरांत अद्याप उरलेला आहे. भोजनमंडईंत शेजारच्या ताटांतील पदार्थ आणि त्याचा वास सर्वांनाच सोसेल असें नाहीं, आणि मुलें प्रश्नही विचारतील. त्या प्रश्नांना नाक न मुरडतां उत्तर देणें, हा त्या प्रवासांतला मोठा धडा ठरेल.

तेव्हां फराळाची पेटी अवश्य न्यावी. आडवेळीं ती उपयोगी पडते. परंतु जेवणाच्या वेळीं ती बंद ठेवून मंडईंत जावें. आपल्या ताटांत काय आहे याची चौकशी कसून करावी. शेजारीं कोण बसला आहे याची करूं नये.