बंद ट्रक घेताना इंजिनची तसल्ली करा



आपण कापडवाले लोक. ग्रे कापडाचा तागा हाती आला की आधी पन्हा मोजतो, काच लावून रीड-पीक मोजतो, मग तागा उलगडून डाग आणि तुटलेली तार शोधतो. दोन मीटर कमी भरले तर त्यावर तासभर बोलाचाली होते. पण तेच आपण लाख-दोन लाखांचा उभा ट्रक घ्यायला जातो, तेव्हा विकणाऱ्याच्या एका शब्दावर पैसे मोजून मोकळे होतो.

ही चूक मी स्वतः 2011 साली केली. भिवंडीहून सूत आणण्यासाठी आणि मालेगावातून कापड पोचवण्यासाठी मला एक लहान ट्रक हवा होता. एक ट्रक सहा महिन्यांपासून उभा होता. विकणारा ओळखीचा, लग्नकार्यात एका दस्तरखानवर बसणारा. तो म्हणाला, "भाई, ड्रायव्हर सोडून गेला म्हणून उभा आहे. फक्त बॅटरी गेली. नवी टाका आणि चालवा." मी 1 लाख 90 हजार दिले आणि टोचन करून गाडी गॅरेजला आणली. मिस्त्रीने ऑइल काढायचा नट सैल केला, तर आधी पाणी आले आणि मग ऑइल. हेड तडकलेले, दोन लायनर गंजलेले. इंजिन बांधायला लाखाच्या वर गेले आणि दीड महिना भाड्याच्या गाड्या लावाव्या लागल्या. त्याहून मोठे नुकसान म्हणजे त्या माणसाशी बोलणे तुटले. त्याने ऐब लपवला की त्यालाच माहीत नव्हता, हे मला आजही कळलेले नाही. दोन तास तपासणी केली असती, तर हा प्रश्नच उरला नसता.

आपल्याकडे तपासणी मागणे म्हणजे समोरच्याच्या इमानावर शंका घेणे, असे समजले जाते. माझे म्हणणे याच्या उलट आहे. तपासणीमुळे ओळख टिकते. उभ्या गाडीच्या इंजिनात काय झाले आहे, हे पुष्कळदा मालकालाही ठाऊक नसते. मग त्याच्या जबानीवर सौदा करणे हा भरवसा नव्हे, तो आळस आहे.

तपासणीला आपला मिस्त्री न्यावा. विकणाऱ्याने आणलेला मिस्त्री त्याचा असतो. आरसी बुकातला इंजिन नंबर आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळवून पाहावा, मगच पाना हातात घ्यावा.

चावी फिरवण्याआधी ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी गेले आहे. पट्टीवरची पातळी खुणेच्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल खाली उतरते आहे. ऑइल अगदी नवे दिसले तरी खूश होऊ नये, ते कालच बदललेले असू शकते. खालचा नट थोडा सैल करावा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने तळाला बसते आणि आधी बाहेर येते. ऑइलमध्ये धातूची चमक दिसली तर बेअरिंग झिजले आहे. रेडिएटरचे झाकण इंजिन थंड असतानाच उघडावे आणि पाण्यावर तेलकट तवंग आहे का ते पाहावे. पंप, नोझल, स्टार्टर, टर्बो जागेवर आहेत की दुसऱ्या गाडीला गेले, तेही मोजून घ्यावे.

यानंतर इंजिन हाताने फिरवावे. गिअर न्यूट्रल करून, सगळे नोझल काढून, पुढच्या पुलीच्या बोल्टला मोठा पाना लावायचा आणि इंजिन चालते त्याच दिशेने पूर्ण दोन फेरे द्यायचे. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरचे काम एकदा पुरे होते. पाना अडला तर जोर लावू नये. गंज असेल तर सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडून दोन दिवस थांबावे. टोचन करून गिअरमध्ये टाकून चालू करण्याचा हट्ट तर मुळीच धरू नये. सायलेन्सरमधून पावसाचे पाणी सिलिंडरमध्ये उतरलेले असेल तर ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि चांगले इंजिनही तिथेच संपते.

पाना मोकळा फिरला तर आपली चार्ज केलेली बॅटरी लावावी. गाडी 12 व्होल्टची की 24 व्होल्टची, हे आधी पाहावे. नोझलच्या जागी गेज लावून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. डिझेल इंजिनला ते साधारण 350 ते 450 पौंड भरते. कंपनीच्या पुस्तकातला आकडा प्रमाण मानावा, पण सगळे सिलिंडर जवळपास सारखे हवेत. एखादा कमी भरला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगा किंवा लायनर गेले; वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

शेवटी नोझल बसवून, टाकीतले जुने डिझेल सोडून, कॅनमधून स्वच्छ डिझेल द्यावे, एअर काढावी आणि सेल्फ मारावा. हवेच्या पाइपाशी एक जाड फळी घेऊन माणूस उभा ठेवावा. इंजिन आवरेनासे झाले तर हवा बंद करण्याचा तोच उपाय. तिथे हात कधी लावू नये. इंजिन अर्धा तास चालवून गरम करावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर पाणी जाते किंवा डिझेल नीट जळत नाही. गरम इंजिनचे ऑइल प्रेशर पडता कामा नये आणि ब्रीदरमधून जोराची वाफ मारता कामा नये. 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांना याशिवाय स्कॅनर लावावाच लागतो, कारण तिथे वायरिंग आणि ईसीयूचा खर्चही इंजिनइतकाच जड जातो.

विकणारा या तपासणीला तयार नसेल तर भांडू नये. इंजिन मेलेले आहे असे धरून भाव सांगावा. म्हणजे चालू गाडीच्या बाजारभावातून इंजिन बांधण्याचा पूर्ण खर्च आणि टोचन वजा. पटले तर सौदा, नाहीतर सलाम. बयाणा द्यायचाच असेल तर चिठ्ठीवर लिहावे की इंजिन तपासल्यावर सौदा पक्का, नाहीतर बयाणा परत. कोर्टाच्या भरवशावर राहू नये. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक म्हणून दाद मिळत नाही. स्वतः चालवून पोट भरणाऱ्यालाच तेवढी सवलत आहे.

विकणाऱ्या बांधवांनाही दोन शब्द. आपण कापडात फ्रेश वेगळे ठेवतो, सेकंड वेगळे, फेन्ट वेगळे, आणि त्या-त्या भावाने विकतो. फेन्ट विकण्यात कमीपणा नाही, फेन्टला फ्रेश म्हणण्यात आहे. गाडीचेही तसेच. हेड गेले असेल तर हेड गेले म्हणून सांगा. वीस हजार कमी येतील, पण पुढच्या वर्षी तोच माणूस पुन्हा तुमच्या दारात येईल. ऐब झाकून विकणे आपल्या धर्मातही गैर आहे आणि धंद्यातही तोट्याचे.

ज्याने आयुष्यभर दोन माग चालवून पैसा जोडला, त्याची पुंजी एका गाडीत जाते. ती पुंजी "फक्त बॅटरी गेली" या तीन शब्दांवर लावू नये. मिस्त्रीची एक दिवसाची मजुरी द्या, पाना फिरवून पाहा, आणि मग खुशीने मुबारकबाद घ्या.