दुकाने वर्षभर खुली. विक्रेत्यांच्या सुट्टीचे काय?

धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंतचे दिवस किरकोळ व्यापाराच्या दृष्टीने मोठ्या उलाढालीचे असतात. नेमक्या याच दिवसांत विक्रेते, रोखपाल, मालाची मांडणी करणारे मदतनीस आणि सुरक्षारक्षक सकाळपासून रात्रीपर्यंत दुकानात उभे असतात. सणाच्या दिवशी काम करणे रुग्णालये, रेल्वे, पोलीस आणि वृत्तकक्षांतील कर्मचाऱ्यांनाही चुकलेले नाही. मात्र तेथे सेवेची अपरिहार्यता असते. दूरचित्रवाणी संच एक दिवस उशिरा घेतल्याने कोणाचे अडत नाही.

1948 च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणे बंधनकारक केले होते. या तरतुदीचे बलस्थान तिच्या साधेपणात होते. दुकानाचे दार बंद आहे की उघडे, हे रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही दिसत असे. त्यासाठी हजेरीपट तपासण्याची गरज नव्हती आणि नोकराला मालकापुढे सुट्टीसाठी शब्द टाकावा लागत नव्हता.

केंद्रीय मंत्रिमंडळाने जून 2016 मध्ये दुकाने व आस्थापनांसाठी आदर्श कायद्याचा मसुदा संमत केला आणि वर्षाचे 365 दिवस दुकाने उघडी ठेवण्याचा मार्ग राज्यांना दाखवला. महाराष्ट्राने त्याच धर्तीवर केलेला कायदा डिसेंबर 2017 मध्ये अमलात आला. त्याने सुट्टी दुकानाकडून काढून कामगाराच्या नावे केली. प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग 24 तासांची विश्रांती आणि वर्षाला आठ पगारी सुट्ट्या: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि वर्षारंभापूर्वी मालक व कामगारांनी मिळून ठरवलेले चार सण. या दिवशी काम करून घ्यायचे असल्यास कामगाराची संमती, दुप्पट वेतन आणि बदली रजा, अशी तरतूद आहे.

कागदावर ही व्यवस्था जुन्यापेक्षा उदार वाटते. खरी अडचण ‘संमती’ या शब्दात आहे. मॉलमधील अनेक विक्रेते दुकानाच्या नव्हे, तर मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंत्राटदाराच्या वेतनपटावर असतात. प्रोत्साहन भत्ता विक्रीच्या उद्दिष्टाशी जोडलेला असेल, तर दिवाळीत सुट्टी घेणारा त्या महिन्याच्या कमाईचा मोठा भाग गमावतो. अशा स्थितीत नकार देण्याचा अधिकार किती जण बजावू शकतील, याविषयी शंका घेण्यास पुरेसा वाव आहे. दुप्पट वेतन मिळाले की नाही, याचे उत्तरही केवळ नोंदवहीत असते आणि ती नोंदवही मालकाच्या ताब्यात असते.

बाजाराने राष्ट्रीय सुट्ट्यांनाही खरेदीच्या मुहूर्ताचे रूप दिले आहे. ‘बिग बाजार’ने 2006 च्या प्रजासत्ताक दिनी ‘सबसे सस्ता दिन’ योजना आणली, तेव्हा ग्राहकांची अलोट गर्दी झाली होती. ती साखळी आता राहिलेली नाही, पण 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टच्या सवलत विक्रीची प्रथा रूढ झाली. इतरांना सुट्टी असते म्हणूनच विक्रेत्याला ती मिळत नाही.

तमिळनाडूत राष्ट्रीय व सणांच्या सुट्ट्यांविषयीचा 1958 चा स्वतंत्र कायदा दुकानांनाही लागू आहे. तेथे राष्ट्रीय सुट्टीच्याच दिवशी कामगार खात्याचे निरीक्षक दुकानांची तपासणी करतात आणि सुट्टी किंवा मोबदला न देणाऱ्यांवर कारवाई होते. सुट्टी नाकारली गेली की नाही, हे त्याच दिवशी पाहण्यात अर्थ आहे. सहा महिन्यांनी कागद नीटनेटके झालेले असतात.

महाराष्ट्रातील चर्चा मात्र दुसऱ्या दिशेने गेली आहे. 2017 च्या कायद्यातील बहुतेक तरतुदी किमान 10 कामगार असलेल्या आस्थापनांपुरत्या होत्या. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा 20 पर्यंत नेण्यास, तसेच कामाचे दैनिक तास 9 वरून 10 करण्यास मान्यता दिली. त्यावेळी जाहीर वाद झाला तो प्रामुख्याने दहाव्या तासावर. कामगारसंख्येची नवी अट त्या तुलनेत दुर्लक्षित राहिली. बारा-पंधरा नोकर असलेले कापडाचे किंवा भांड्यांचे दुकान कोणत्याही तालुक्याच्या बाजारपेठेत आढळते. या मर्यादेखाली येणाऱ्या नोकराला आठ सुट्ट्यांची यादी लागू होत नाही आणि दुप्पट वेतनाचा दावाही या कायद्याखाली करता येत नाही. दिवाळीच्या पाडव्याला घरी जायचे की नाही, हे मालकाच्या मर्जीवर ठरते.