शेती, वकिली आणि अण्णासाहेब

निवडणूक जवळ आली की नगरच्या सावेडीतल्या प्रोफेसर कॉलनी चौकात चहाबरोबर एक सिद्धान्त फुकट मिळतो : ज्याच्या प्रतिज्ञापत्रात व्यवसाय 'शेती व वकिली' असेल, त्याला मत देऊ नये. शेती म्हणजे पाइपलाइन रोडला बिनशेती करून विकलेले प्लॉट, वकिली म्हणजे त्यांचे सातबारे सरळ करायची सोय आणि पुढारपण म्हणजे दोन्हींवरचे छप्पर. परवा एका वाचनवेड्या मित्राने याला थेट अमेरिकेचा दाखला जोडला : थॉमस जेफरसन.

दाखला भक्कम आहे, हे आधी मान्य करतो. जेफरसन मळेवाला, वकील आणि पुढे राष्ट्राध्यक्ष. 1770 साली सॅम्युअल हॉवेल नावाच्या बांधील मजुराचा खटला त्याने फी न घेता चालवला. निसर्गाच्या कायद्याने सगळी माणसे जन्मतः स्वतंत्र असतात, असा युक्तिवाद केला आणि हरला. सहा वर्षांनी तोच सूर स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात उमटला. घरच्या मळ्यावर मात्र आयुष्यभरात 600 हून अधिक गुलाम त्याच्या मालकीचे होते आणि त्यांतले मुक्त झाले ते बोटांवर मोजण्याइतके. 'काळच तसा होता' ही सबब मी ऐकून घेणार नाही. त्याच व्हर्जिनियातल्या रॉबर्ट कार्टरने 1791 पासून आपले साडेचारशेहून अधिक गुलाम मुक्त करायला घेतले होते.

पण यावरून तीन धंदे एका हाती आले की माणूस खोटाच निघतो, हे कसे ठरते? कोर्टात मांडलेला मुद्दा जेफरसनने स्वतःच्या बांधाच्या आत येऊ दिला नाही, एवढेच ठरते. बांध ओलांडणारा माणूस हवा असेल तर श्रीरामपूर इथून दीड तासावर आहे.

तिथे प्रवरेच्या कालव्यांवरचे खरे मळेवाले म्हणजे कंपन्या : हरेगावची बेलापूर कंपनी, टिळकनगरची महाराष्ट्र शुगर मिल्स. शेतकऱ्यांनी जमिनी खंडाने दिल्या आणि मग त्यांतलेच कितीतरी कंपनीच्या उसात मजुरीला लागले. 'खंडकरी' हा शब्द नगर जिल्ह्यात अजून जिवंत आहे, तो त्यामुळे. सिन्नर तालुक्यातल्या पाडळीत 1922 साली जन्मलेले, 1942 च्या लढ्यातून आलेले अण्णासाहेब शिंदे श्रीरामपुरात वकील झाले. पक्ष कम्युनिस्ट, बाजू शेतकऱ्यांची आणि कामगारांची.

इथे मित्र म्हणतो, "मग काँग्रेसमध्ये कशाला गेले? खुर्चीसाठीच ना?" खुर्चीचा हिशेब करू. 1962 साली ते कोपरगावातून लोकसभेत गेले. कृषी खात्यात शिरले ते 1977 पर्यंत तिथेच राहिले. वर मंत्री म्हणून सुब्रमण्यम आले, जगजीवनराम आले, फखरुद्दीन अली अहमद आले, पुन्हा जगजीवनराम आले. अण्णासाहेब राज्यमंत्रिपदाच्या वर कधी गेले नाहीत. खुर्चीच्या मागे लागलेला माणूस इतकी वर्षे दुसऱ्याच्या शेजारच्या खुर्चीत बसत नाही. रेशनवरची लाल मिलो ज्वारी खाल्लेल्यांना त्या वर्षांची किंमत सांगायला नको. 1966 साली मेक्सिकोहून 18,000 टन गव्हाचे बियाणे आले. देशाचा गहू 1964-65 च्या सुमारे सव्वा कोटी टनांवरून 1971-72 मध्ये अडीच कोटींच्या पुढे गेला. हे एकट्याचे काम नव्हे. शास्त्रज्ञांचे, सुब्रमण्यम यांचे आणि पाणी धरणाऱ्या शेतकऱ्यांचेही आहे. पण त्या खात्यात सलग टिकून राहिलेला राजकारणी आपला होता. (त्या गव्हाने पारनेर-जामखेडच्या कोरडवाहू बाजरीला काही दिले नाही, हेही खरे. पाटपाण्याची हरितक्रांती पाटापाशीच थांबली.)

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही आणि तो मित्राला सुचलाही नाही. 1961 च्या कमाल जमीन धारणा कायद्याने कंपन्यांकडची जमीन निघाली, पण ती खंडकऱ्यांकडे न जाता 1963 साली स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे गेली. सरकार काँग्रेसचे, म्हणजे अण्णासाहेबांच्याच पक्षाचे. ज्यांची वकिली केली त्यांची जमीन एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे गेली आणि आपला माणूस दिल्लीत होता. त्यांच्याबद्दल कितीही आदर असला, तरी ही नोंद खोडून टाकू नये.

खंडकऱ्यांना जमिनी परत मिळू लागायला 2012 साल उजाडावे लागले. अण्णासाहेब 1993 सालीच गेले होते.