पत्रांचा साठा कोणाच्या हाती?

औद्योगिक विकास महामंडळाच्या बारवी धरणाचे पाणी जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रातून अंबरनाथ-उल्हासनगर परिसरात पोहोचते. दुरुस्तीसाठी पुरवठा बंद राहणार अशी सूचना आली की, घरोघरी आदल्या रात्रीच पिंपे भरून ठेवली जातात. धरण आहे म्हणून कोणी पिंप मोडीत काढलेले नाही. ई-मेलच्या बाबतीत मात्र हे व्यवहारी शहाणपण क्वचितच आढळते.

अनेक लहान संस्थांचा पत्रव्यवहार आजही कार्यवाहांच्या घरच्या संगणकात असतो. 'पॉप' नावाची जुनी पद्धत सर्व्हरवरील पत्रे घरी उतरवून घेते आणि वेगळी सूचना दिली नसेल, तर बहुधा सर्व्हरवरून ती पुसूनही टाकते. १९९५ साली विदेश संचार निगमाने इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा प्रत्येक मिनिटाचे मोल होते. पत्रे उतरवून फोन मोकळा करणेच इष्ट होते. पण २६ जुलै २००५ च्या महापुराने बदलापूरची सखल वस्ती पाण्याखाली नेली. तळमजल्यावरचा संगणक असा बुडाला, तर देणगीदारांची पत्रे, जमाखर्च, सरकारी नोटिसा सारे त्याबरोबरच जाते. पूर दूरच राहो, कार्यवाहांची नोकरी पुण्याला बदलली तरी संस्थेची स्मृती त्यांच्या सामानाबरोबर निघून जाते!

यावर उपाय म्हणजे 'आयमॅप'. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये रचलेल्या या पद्धतीत पत्रे सर्व्हरवरच राहतात. कार्यालयातील संगणक व अध्यक्षांचा भ्रमणध्वनी यांवर एकच साठा दिसतो. संस्थांनी हा बदल करावा, यात शंका नाही. मात्र एका ठिकाणी चुकून पुसलेले पत्र सर्वच ठिकाणाहून नाहीसे होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

त्याहून गंभीर प्रश्न सर्व्हरच्या मालकीचा आहे. १८ जुलै २०२५ रोजी युरोपीय महासंघाने रशियन भागीदारी असलेल्या नायरा एनर्जीवर निर्बंध घातले. पाठोपाठ मायक्रोसॉफ्टने या मुंबईस्थित कंपनीची ई-मेल सेवा थांबवली. भारतीय कायद्याने कोणताही मज्जाव नसताना कंपनीला आपलीच पत्रे दिसेनात! प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. पण मधल्या काळात कंपनीला स्वदेशी रेडिफचा आधार घ्यावा लागला. केंद्राने आपल्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ई-मेल व्यवस्था झोहो या भारतीय कंपनीकडे सोपवली, त्यामागील विचार यातून उमगावा.

कोणी म्हणेल, गावातल्या वाचनालयावर कोण निर्बंध घालणार? खरे आहे. पण सेवेच्या अटी बदलणे, मोफत जागा संपणे, परवलीचा शब्द विसरणे हे वाचनालयालाही चुकलेले नाही. म्हणून पत्ता एखाद्या कार्यकर्त्याच्या नावाचा नसावा; संस्थेने स्वतःच्या नावाचे डोमेन घ्यावे. त्याचा वार्षिक खर्च वर्षप्रतिपदेच्या एका कार्यक्रमाच्या हारतुऱ्यांहून अधिक नसतो आणि सेवादाता बदलला तरी पत्ता तोच राहतो. परवलीचे शब्द दोघा पदाधिकाऱ्यांकडे असावेत आणि महिनाअखेरीस साऱ्या पत्रांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर उतरवून ती दुसऱ्याच घरी, शक्यतो वरच्या मजल्यावर ठेवावी.